ट्यूनिस : एका विद्यानगरीची हकिकत

राजधान्यांचा इतिहास सामान्यतः राजवाडे, किल्ले आणि लढाया यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु काही शहरे अशी असतात की, त्यांचा इतिहास त्यांच्या शाळांच्या दाराशी उभे राहिल्याखेरीज नीट कळत नाही. ट्युनिशिया या देशाची राजधानी ट्यूनिस हे असेच एक शहर आहे. आफ्रिका खंडाच्या उत्तर टोकाला, भूमध्य समुद्राच्या काठी हे शहर वसले आहे. समोरच्या बाजूला इटलीचे सिसिली बेट ट्युनिशियाच्या किनाऱ्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. त्यामुळे फिनिशियन, रोमन, अरब, स्पॅनिश, तुर्क आणि फ्रेंच अशा अनेकांची पावले या भूमीला लागली.

माझे थोरले बंधू दुबईस नोकरीला असतात. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या आग्रहावरून आम्ही दोन्ही कुटुंबे मुलाबाळांसह ट्यूनिसला जाऊन आलो. “एवढे पैसे खर्चून तिथे पाहण्यासारखे काय आहे?” असे निघण्यापूर्वी अनेक आप्तेष्टांनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर या लेखात देण्याचा विचार आहे. प्रवासवर्णन लिहिण्याचा उद्देश नाही. तेराशे वर्षांची विद्येची परंपरा लाभलेला समाज मागे का पडला आणि मग पुन्हा उभा राहण्यासाठी त्याने काय केले, हा प्रश्न आपल्याही घरातला आहे. म्हणून पालकांनी आणि विद्यार्थी मित्रांनी ही हकिकत आपली समजून वाचावी, अशी विनंती आहे.

राखेतून वाचलेले ग्रंथ

ट्यूनिसहून समुद्राच्या काठाने एक छोटी आगगाडी जाते. ही लोहमार्गाची लाइन १८७२ साली सुरू झाली. त्या गाडीने थोड्याच वेळात कार्थेजला पोहोचता येते. तिथल्या एका स्थानकाचे नाव ‘कार्थेज-हॅनिबल’ असे आहे. हत्तींसह आल्प्स पर्वत ओलांडून रोमवर चाल करून जाणारा सेनापती हॅनिबल याच नगरीचा. परंपरेनुसार इ. स. पूर्व ८१४ मध्ये फिनिशियन लोकांनी कार्थेज वसवले. पुढे रोमशी तीन मोठी युद्धे झाली आणि इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमन सैन्याने हे शहर जाळून उद्ध्वस्त केले. आज तिथे दिसणारी भव्य स्नानगृहे आणि खांब नंतरच्या रोमन काळातील आहेत.

परंतु कार्थेजची एक गोष्ट पडक्या खांबांपेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते. शहर जिंकल्यावर तेथील ग्रंथसंग्रह रोमन लोकांनी आफ्रिकेतील स्थानिक राजांना देऊन टाकले. फक्त एक ग्रंथ मात्र रोमच्या सिनेटने आवर्जून ठेवून घेतला आणि त्याचे लॅटिनमध्ये भाषांतर करण्याचा हुकूम काढला. तो म्हणजे मागो नावाच्या कार्थेजच्या विद्वानाने शेतीवर लिहिलेला अठ्ठावीस भागांचा ग्रंथ. ज्या शत्रूचा शहरासकट नायनाट केला, त्याच शत्रूचे ज्ञान रोमने डोक्यावर घेतले. ज्ञान कोणाकडून आले हे न पाहता ते घ्यावे, एवढे शहाणपण त्या जेत्यांजवळ होते. पुढे हाच प्रश्न ट्यूनिसच्या मुसलमानांपुढेही उभा राहिला. ते आपण पुढे पाहू.

या परिसरात सापडलेली रंगीत दगडांची मोझेक चित्रे ट्यूनिसच्या बार्दो संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय १८८८ साली उघडले. १८ मार्च २०१५ रोजी दहशतवाद्यांनी याच संग्रहालयात गोळीबार केला आणि त्यात बावीस निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ट्यूनिसचे हजारो नागरिक निषेधासाठी रस्त्यावर उतरले आणि संग्रहालयही पुन्हा उघडण्यात आले. विद्येवर आणि पाहुण्यांवर शस्त्र उगारणे हा आपला धर्म नव्हे, हे त्या शहराने कृतीने सांगितले.

झैतूनाची मशीद

इ. स. ६९८ च्या सुमारास अरबांनी कार्थेज जिंकले. सेनापती हस्सान बिन नुअमान याने तिथे न राहता जवळचे ट्यूनिस हे गाव वाढवले. त्याच काळात तेथील जामे मशिदीचा पाया घातला गेला, असे मानतात. काही इतिहासकार मात्र हे श्रेय इ. स. ७३२ मधील सुभेदारास देतात. इ. स. ८६४ मध्ये अगलबी राजवटीत मशिदीची पुनर्बांधणी झाली आणि तिचे आजचे रूप बव्हंशी तेव्हाचे आहे. झैतून म्हणजे ऑलिव्हचे झाड. त्यावरून तिला ‘जामे झैतूना’ म्हणतात.

मशिदीच्या आत पाऊल टाकले की, संगमरवरी खांबांच्या रांगा दिसतात. शंभराहून अधिक असलेल्या या खांबांपैकी बहुतेक जुन्या रोमन इमारतींमधून आणलेले आहेत. कोणाची उंची कमी, कोणाची जास्त. माथ्यावरची नक्षीही प्रत्येकाची निराळी. परंतु सर्वांनी मिळून एकच छत तोलून धरले आहे. जुने आणि नवे, आपले आणि परक्याचे यांना एका छताखाली कसे उभे करावे, याचा पाठ त्या खांबांनी मूकपणे दिला आहे.

झैतूना ही केवळ नमाजाची जागा नव्हती. एकेका खांबाजवळ एकेक उस्ताद बसत आणि त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचे कोंडाळे जमे. कुराण, हदीस, फिक्ह, अरबी व्याकरण यांचे पाठ तेथे चालत. तेराव्या शतकात हफ्सी राजांच्या काळात मशिदीच्या आसपास मदरसे उभे राहू लागले. पहिला मदरसा मेणबत्त्या करणाऱ्यांच्या बाजाराजवळ होता आणि त्यास त्यावरूनच ‘शम्माइया’ हे नाव पडले. या मदरशांत बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय असे. आपल्याकडील वसतिगृहांसारखीच ही व्यवस्था. खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले.

मशिदीभोवती आजही जुना बाजार भरतो. अगदी भिंतीला लागून अत्तरवाल्यांची गल्ली आहे. कातडी कमावणारे, रंगारी यांचे घाण-वासाचे धंदे मात्र मशिदीपासून दूर ठेवलेले असत. एका गल्लीत लोकरीच्या लाल टोप्या बनतात. स्पेनमधून १६०९ नंतर हाकलून दिलेल्या मुसलमान निर्वासितांनी या धंद्यास येथे मोठी भरभराट आणली. जुन्या शहराला ‘मदीना’ म्हणतात. त्यात मशिदी, मदरसे, वाडे, मकबरे अशी सुमारे सातशे स्मारके असून १९७९ साली युनेस्कोने या भागाची जागतिक वारशात नोंद केली.

दोन मोठी माणसे

इ. स. १३२५ मध्ये मोरोक्कोहून हजला निघालेला एकवीस वर्षांचा एक तरुण ट्यूनिसला पोहोचला. काफिल्यातील इतरांचे स्वागत करायला कोणी ना कोणी आले होते. याला मात्र कोणी सलामही केला नाही. परक्या गावात एकटेपणाने त्याला रडू कोसळले. एका यात्रेकरूने त्याची समजूत घातली. तो पुस्तकविक्यांच्या मदरशात उतरला आणि पुढे हजच्या काफिल्याबरोबर काजी म्हणून रवाना झाला. हा तरुण म्हणजे जगप्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता. विद्यार्थी मित्रांनी हे लक्षात ठेवावे की, पुढे हजारो मैलांची भटकंती करणारा माणूसही पहिल्या महिन्यांत घराच्या आठवणीने रडला होता.

या इब्न बतूताचा आपल्या मुलखाशीही संबंध आहे. दिल्लीहून दक्षिणेकडे जाताना तो दौलताबादला आला होता आणि त्याने मराठ्यांविषयी लिहून ठेवले आहे. त्यानंतर पश्चिम किनाऱ्याने जाताना, इ. स. १३४२ च्या सुमारास, तो गोव्याच्या दक्षिणेस असलेल्या होन्नावरला थांबला. तेथे त्याने मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहिल्या आणि असे दृश्य आपण दुसरीकडे कोठे पाहिले नाही, असे नमूद केले. तेथील स्त्रियांना कुराण पाठ होते, हेही त्याने लिहिले आहे. अर्ध्या जगाचा प्रवास केलेल्या माणसाने ही नोंद आपल्या किनाऱ्याविषयी करावी, याचे महत्त्व आपण ओळखले पाहिजे.

दुसरे मोठे नाव इब्न खलदून यांचे. त्यांचा जन्म २७ मे १३३२ रोजी ट्यूनिसमध्ये झाला. त्यांचे पूर्वज स्पेनमधील सेव्हिल शहराचे. ते शहर हातचे गेल्यावर हे घराणे उत्तर आफ्रिकेत आले. इब्न खलदून सोळा-सतरा वर्षांचे असताना प्लेगच्या भयंकर साथीत त्यांचे आईवडील दोघेही वारले आणि कित्येक गुरूही दगावले. पुढे त्यांनी अनेक राजांच्या दरबारी चाकरी केली, तुरुंगवास भोगला. शेवटी राजकारणाला कंटाळून ते आजच्या अल्जीरियातील एका गढीत जाऊन राहिले. तेथे १३७७ साली अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी ‘मुकद्दिमा’ हा ग्रंथ लिहिला. त्यानंतर ते ट्यूनिसला परतले. परंतु तेथील विरोधकांमुळे १३८२ साली इजिप्तला गेले ते कायमचेच. पुढे त्यांना भेटण्यासाठी निघालेले कुटुंब जहाज फुटून समुद्रात बुडाले. तरीही त्यांचे अध्यापन आणि लेखन थांबले नाही. १४०६ साली कैरोत त्यांचे निधन झाले.

राज्ये का वाढतात आणि का कोसळतात, याची कारणे त्यांनी समाजाच्या रचनेत शोधली. एकजुटीच्या बळावर एखादा गट सत्तेवर येतो. पुढच्या पिढ्या ऐषआरामात वाढतात, एकजूट सैल होते आणि राज्य जाते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. बी.ए.च्या वर्गात इतिहास शिकलेल्यांना हा भाग थोडाफार ठाऊक असेल. परंतु शिक्षक म्हणून मला त्यांची शिक्षणावरील प्रकरणे अधिक मोलाची वाटतात. ती साडेसहाशे वर्षांपूर्वी लिहिलेली आहेत, हे वाचताना खरे वाटत नाही.

त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा. विषय एकदम पूर्ण खोलीने शिकवू नये. प्रथम ठळक रूपरेषा द्यावी, दुसऱ्या वेळी तपशील सांगावा आणि तिसऱ्या वेळी अवघड भाग उलगडावा. एक विषय नीट रुजल्याशिवाय त्यात दुसरा मिसळू नये. पाठांतरासाठी केलेले अतिसंक्षिप्त ग्रंथ विद्यार्थ्याचा फायदा करण्याऐवजी नुकसानच करतात. (परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘गाइड’ विकत घेणाऱ्या मित्रांनी याचा विचार करावा.) आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलांशी कठोरपणे वागू नये. मारझोडीखाली वाढलेले मूल मनमोकळे राहत नाही. ते आळशी होते, मार चुकवण्यासाठी खोटे बोलू लागते, कपट शिकते आणि हीच पुढे त्याची सवय बनते. छडीशिवाय शिस्त नाही असे मानणारे पालक आणि शिक्षक आजही आहेत. त्यांनी निदान आपल्याच एका थोर आलिमाचे हे मत ऐकावे.

ट्यूनिसच्या मुख्य रस्त्यावर, स्वातंत्र्य चौकात १९७८ साली इब्न खलदून यांचा पुतळा उभारला गेला. हातात ग्रंथ घेतलेला हा पुतळा पाहून अभिमान वाटतो. परंतु केवळ अभिमानाने भागत नाही, हेच या शहराचा पुढील इतिहास सांगतो.

ऱ्हासाची कारणे

इ. स. १५३५ मध्ये स्पेनचा सम्राट पाचवा चार्ल्स याने ट्यूनिसवर स्वारी केली. शहराची भीषण लूट आणि कत्तल झाली. झैतूनाचे ग्रंथही या धामधुमीतून वाचले नाहीत. १५७४ साली तुर्कांनी स्पॅनिशांना कायमचे घालवून दिले. पुढे बे नावाच्या शासकांच्या काळात नवे मदरसे बांधले गेले. पैकी १७५४ साली पुरा झालेला सुलेमानिया मदरसा एका बापाने आपल्या मृत मुलाच्या आठवणीसाठी बांधला आहे.

इमारती वाढल्या, शिकवण्याचा विषय मात्र तोच राहिला. समुद्रापलीकडे युरोपात छापखाने, गणित, रसायन, यंत्रविद्या यांची झपाट्याने वाढ होत होती. इकडे झैतूनाच्या खांबांजवळ जुन्या ग्रंथांवरील टीका आणि त्या टीकांवरील टीका यांचे पाठ चालू होते. कुराण आणि फिक्ह शिकवले जात होते हे योग्यच. परंतु हिशेब, भूगोल, वैद्यक, परकीय भाषा यांची दारे बंद होती.

याचे परिणाम लवकरच भोगावे लागले. एकोणिसाव्या शतकात ट्यूनिसच्या शासकांनी काही चांगली पावले टाकली. १८४६ साली गुलामगिरी बंद करण्यात आली. फ्रान्सने आपल्या वसाहतींत ती कायमची बंद केली ती त्यानंतर, १८४८ साली. १८६१ साली अरब जगतातील पहिली लिखित राज्यघटनाही अमलात आली. परंतु राज्याचा कारभार उधळपट्टीचा होता. पॅरिसच्या सावकारांकडून भरमसाट व्याजाने कर्जे काढली गेली, डोईपट्टी दुप्पट केली गेली आणि १८६४ साली रयतेने बंड केले. राज्यघटना गुंडाळली गेली. १८६९ साली परकीयांच्या कमिशनने राज्याची तिजोरी ताब्यात घेतली आणि १२ मे १८८१ रोजी फ्रान्सने देशच आपल्या अमलाखाली आणला. ज्या समाजात करारनाम्याची भाषा आणि व्याजाचा हिशेब जाणणारी माणसे थोडी असतात, त्याची अशी दशा होते.

एका गुलामाने उघडलेली शाळा

या अंधारात एक दिवा लागला होता. खैरुद्दीन पाशा यांचा जन्म १८२० च्या सुमारास कॉकेशस प्रदेशात झाला. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले आणि इस्तंबूलमार्गे ट्यूनिसच्या दरबारी आले. स्वतःच्या बुद्धीने ते वर चढले. राज्याच्या एका दाव्यासाठी त्यांना काही वर्षे पॅरिसला राहावे लागले. तेथे त्यांनी शाळा, कारखाने, न्यायालये, ग्रंथालये डोळसपणे पाहिली. १८६७ साली त्यांनी यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे होते : युरोपची प्रगती त्यांच्या धर्मामुळे किंवा त्यांच्या मातीमुळे झालेली नाही, न्याय, स्वातंत्र्य आणि विद्या यांमुळे झाली आहे. जे शरीयतच्या विरुद्ध नाही आणि हिताचे आहे, ते परक्याकडून घेण्यात कमीपणा नाही. परक्यांचे कापड, त्यांचे फर्निचर, त्यांची हत्यारे आम्ही खुशाल विकत घेतो. मग ज्या विद्येने त्या वस्तू घडतात, ती विद्याच तेवढी नको असे म्हणणे हा कोठला न्याय? हातात परदेशी मोबाइल घेऊन आधुनिक शिक्षणाच्या विरोधात तावातावाने बोलणारी मंडळी आपल्याही आसपास दिसतात. त्यांना खैरुद्दीन पाशांचा हा सवाल आजही लागू पडतो.

१८७३ साली खैरुद्दीन राज्याचे पंतप्रधान झाले आणि १८७५ साली त्यांनी सादिकी कॉलेज स्थापन केले. तेथे कुराण, अरबी आणि दीनी शिक्षण होतेच. त्याच्या जोडीला फ्रेंच, इटालियन, तुर्की या भाषा आणि गणित व विज्ञान हे विषय ठेवले होते. आधीच्या भ्रष्ट पंतप्रधानाची जप्त झालेली मालमत्ता या संस्थेसाठी वक्फ करण्यात आली. रयतेला लुबाडून जमवलेला पैसा रयतेच्या मुलांच्या शिक्षणास लागला, याहून चांगला निवाडा कोणता असू शकेल! झैतूनातील अध्यापनासाठीही त्यांनी नियम घालून दिले. दुर्दैवाने १८७७ साली त्यांना पद सोडावे लागले. पुढे ते तुर्की साम्राज्याचे वजीरे आझमही झाले. परंतु ट्यूनिसमध्ये त्यांचे नाव राहिले ते सादिकी कॉलेजमुळे. फ्रेंचांविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याचे कित्येक पुढारी, त्यांत पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा, याच संस्थेत शिकले.

येथे तारखांकडे लक्ष वेधावेसे वाटते. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मोहम्मद अली रोघे आदी मंडळींनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली ती १८७४ साली. सर सय्यद अहमद खान यांनी अलिगढला शाळा सुरू केली ती १८७५ साली, म्हणजे सादिकी कॉलेजच्याच वर्षी. हजारो मैल दूर असलेल्या माणसांनी एकाच सुमारास एकच रोग ओळखला आणि एकच औषध शोधले. आपली शिक्षणसंस्था ही त्याच मोठ्या प्रयत्नांची वारसदार आहे.

दार दोन्ही बाजूंनी उघडले

सादिकी आणि झैतूना यांच्यात प्रथम दुरावा होता. एकाला दुसरा परधार्जिणा वाटे, तर दुसऱ्याला पहिला जुनाट. हा दुरावा दूर करण्यासाठी सादिकीच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि समविचारी मंडळींनी १८९६ साली ‘खलदूनिया’ ही संस्था काढली. झैतूनाच्या विद्यार्थ्यांना इतिहास, भूगोल, गणित, विज्ञान हे विषय अरबीतून शिकवणे हा तिचा उद्देश. संस्थेला नाव दिले ते इब्न खलदून यांचे. पूर्वजांचे नाव कसे वापरावे, याचा हा वस्तुपाठ होय. १९१० साली तर झैतूनाच्या विद्यार्थ्यांनीच शिक्षणात सुधारणा व्हावी म्हणून संप केला. पुढे शेख मुहम्मद ताहिर बिन आशूर (१८७९–१९७३) यांच्यासारखे आलिम झैतूनाचे प्रमुख झाले. त्यांनी कुराणाची तीस भागांची तफसीर लिहिली आणि त्याच हाताने झैतूनाच्या अभ्यासक्रमात नव्या विषयांना जागा करून दिली. दीन आणि दुनिया यांच्या विद्येत वैर नाही, हे त्यांनी आयुष्यभर दाखवले.

राहिला प्रश्न मुलींचा. १९०० साली ट्यूनिसमध्ये मुसलमान मुलींसाठी आधुनिक शाळा निघाली. सुरुवातीस बोटांवर मोजण्याइतक्याच मुली आल्या. पुढे या शाळेत तौहीदा बिन शेख नावाची मुलगी शिकली. तिचा जन्म १९०९ चा. वडील लवकर वारले. आईने एकटीने मुलांना वाढवले. १९२८ साली तौहीदा बॅकलोरिआ परीक्षा उत्तीर्ण झाली. हा मान मिळवणारी ती ट्युनिशियातील पहिली मुसलमान मुलगी. वैद्यकीय शिक्षणासाठी पॅरिसला जाण्याचा प्रश्न आला तेव्हा नातलगांनी कडाडून विरोध केला. त्या विधवा आईने मात्र माघार घेतली नाही. १९३६ साली तौहीदा डॉक्टर होऊन परतली, ट्यूनिसमध्ये दवाखाना उघडला आणि गोरगरिबांची डॉक्टर म्हणून नावाजली. एकशे एक वर्षांचे आयुष्य लाभून २०१० साली तिचे निधन झाले.

ट्यूनिसच्या बाजारात खरेदी करताना दहा दिनारची एक नोट आमच्या हाती आली. तिच्यावर एका स्त्रीचे चित्र पाहून माझ्या सहावीत शिकणाऱ्या मुलीने विचारले, “अब्बा, ही कुठली राणी?” दुकानदाराला विचारून मी तिला सांगितले की, ही राणी नव्हे, डॉक्टर तौहीदा. २०२० साली ही नोट निघाली आहे. नंतर साऱ्या प्रवासात मुलीने ती नोट स्वतःच्या वहीत जपून ठेवली.

मुलींच्या शिक्षणाची बाजू घेणारे केवळ नवशिक्षित होते असे नाही. ताहिर हद्दाद (१८९९–१९३५) हे झैतूनातच शिकलेले. १९३० साली त्यांनी शरीयत आणि समाज यांतील स्त्रीच्या स्थानावर पुस्तक लिहिले. त्याबद्दल त्यांचा छळ झाला आणि ते ऐन तारुण्यात वारले. त्यांची सर्वच मते सर्वांना पटतील असे नाही. परंतु मुलीला अज्ञानात ठेवणे हा इस्लामचा आदेश नाही, हे त्यांचे म्हणणे आज कोणी नाकारू शकत नाही. २० मार्च १९५६ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कौटुंबिक कायद्यात त्यांच्या अनेक मागण्यांचा समावेश झाला.

आपण काय घ्यावे?

या हकिकतीत राजे पुष्कळ आले. परंतु शहराचे भाग्य बदलले ते कोणी? अनाथ झालेल्या एका मुलाने, विकल्या गेलेल्या एका गुलामाने आणि नातलगांपुढे न झुकलेल्या एका विधवेने. यांपैकी कोणाजवळ अनुकूल परिस्थिती होती? तेव्हा “आमची परिस्थिती नाही” हे कारण पुढे करण्यापूर्वी पालकांनी क्षणभर थांबावे.

दरवर्षी जून महिन्यात वर्ग सुरू झाला की, मागच्या वर्षी पहिल्या पाचांत असलेली एखादी मुलगी हजेरीला उत्तर देत नाही. चौकशी केली की कळते, “घरी बसवली.” कधी कॉलेज लांब असते, कधी स्थळ आलेले असते, कधी भावाच्या परदेशी जाण्याचा खर्च आड येतो. ही कारणे खोटी नसतात, हे मी जाणतो. परंतु सातशे वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर मुलींच्या तेरा शाळा होत्या, हेही खोटे नाही. मुलींना शिकवणे ही बाहेरून आलेली नवी टूम नसून आपलाच हरवलेला ठेवा आहे. कॉलेज लांब असेल तर चार घरांनी मिळून रिक्षाची व्यवस्था करता येते, वसतिगृहासाठी संस्थेकडे मागणी करता येते, शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरता येतात. या कामी शाळेतील आम्ही शिक्षक कधीही मदतीस तयार आहोत.

विद्यार्थी मित्रांनाही दोन शब्द. सकाळी मकतबात आणि दुपारी शाळेत जाताना आपण दोन वेगवेगळ्या जगांत जातो आहोत, असे मानू नका. झैतूनाचे ते खांब निरनिराळ्या जागेहून आले, तरी छत एकच आहे. सुट्टीत प्रवासाचा योग आला, मग तो ट्यूनिसचा असो की दौलताबादचा, तर बरोबर एक वही ठेवा. पाहिलेल्या इमारतीचे नाव, ती कोणी बांधली, केव्हा बांधली, तिच्यात कोण शिकले हे विचारून लिहून ठेवा. इब्न बतूताने हेच केले, म्हणून आज आपल्याला होन्नावरच्या त्या छत्तीस शाळा ठाऊक आहेत.

यंदाच्या जूनमध्ये आपल्या शाळेच्या हजेरीपटावरील एकाही मुलीच्या नावापुढे रेघ मारण्याची वेळ न येवो, हीच अल्लाहपाशी दुआ. आमीन.